‘अ‍ॅव्हरेज लागू केले’ म्हणजे काय केले?

प्रश्न : इचलकरंजीत माझा सुताचा व्यापार आहे. गोदामातील मालाचा 30 लाख रुपयांचा आगीचा विमा होता. दिवाळीच्या तोंडावर शॉर्टसर्किटने आग लागून 10 लाखांचे सूत जळाले. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) ‘अ‍ॅव्हरेज लागू’ असा शेरा मारून 6 लाखांचीच शिफारस केली आहे. त्या दिवशी हिशेबाने 50 लाखांचा माल निघतो हे खरे, पण वर्षाची सरासरी काढली तर माझा साठा 30 लाखांवर जात नाही. शिवाय नुकसान विम्याच्या रकमेच्या आतच आहे. मग कपात कशी?

उत्तर : आपली गल्लत त्या एका शब्दाने केली आहे. दुचाकी किती अ‍ॅव्हरेज देते असे आपण रोज विचारतो, त्यामुळे हा शब्द दिसला की सरासरीच डोळ्यांपुढे येते. विम्यात मात्र त्याचा सरासरीशी संबंध नाही. मूळ अरबी ‘अवार’ म्हणजे मालाला पोहोचलेली इजा. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांमार्फत हा शब्द युरोपात गेला, जहाजावरील नुकसान वाटून घेण्याच्या रीतीला चिकटला आणि गणितातली सरासरी हा अर्थ त्या वाटणीवरून पुढे आला. पॉलिसीत जुना, नुकसान वाटून घेण्याचा अर्थच टिकून आहे.

वाटणी कोणाकोणात, तर कंपनी आणि आपण यांच्यात. 50 लाखांच्या मालापैकी 30 लाखांचीच जोखीम आपण कंपनीवर सोपवली होती व हप्ताही तेवढ्याचाच भरला होता. उरलेल्या 20 लाखांपुरते आपण स्वतःच स्वतःचे विमाकार होता. आग कोणत्या गाठी कोणाच्या हे पाहून लागत नाही, म्हणून जळालेल्या प्रत्येक रुपयातील 60 पैसे कंपनीचे आणि 40 पैसे आपले, असा हिशेब होतो. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसींमध्ये मालाच्या मूल्यापेक्षा विमा कमी असल्याची 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. विमा 43 लाखांचा असता तर तूट 14 टक्केच भरली असती आणि या कारणाने एक रुपयाही कापला गेला नसता. आपली तूट 40 टक्के आहे.

तरीही अहवाल मुकाट्याने स्वीकारू नये. 60 पैसे येतात ते 30 भागिले 50 या हिशेबातून. त्यातील 30 हा अंश पॉलिसीवर छापलेला आहे, त्यात हलवण्यासारखे काही नाही; 50 हा छेद मात्र सर्व्हेयरने काढलेला आहे, आणि वाद घालायचाच तर तो छेदाशी घालावा. वर्षारंभीच्या साठ्यात खरेदी मिळवून, विक्रीतून ढोबळ नफा वगळून येणारी रक्कम वजा करून हा आकडा काढतात. आपल्या धंद्यात सूत सायझिंगला (खळ लावायला) किंवा यंत्रमागधारकांकडे गेलेले असते. ते वहीत आपले असले तरी आगीच्या दिवशी गोदामात नव्हते. असे 8 लाखांचे सूत माल पाठवल्याच्या चलनांनिशी दाखवता आले तर छेद 42 लाखांवर येतो आणि 6 लाखांचे सुमारे 7 लाख 14 हजार होतात. अडचण येते ती बँकेच्या कागदाची. कॅश क्रेडिटची (साठ्याच्या तारणावरील कर्जाची) उचल टिकावी म्हणून दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये साठा फुगवून दाखवण्याची सवय अनेकांना असते, आणि सर्व्हेयर नेमके तेच पत्रक समोर ठेवतो. आपले पत्रक खरे असेल अशी मी आशा करतो. पुढील वर्षी सणाआधी माल वाढू लागताच विम्याची रक्कम एन्डॉर्समेंट (चालू पॉलिसीत बदलाची नोंद) करून वाढवून घ्यावी.

प्रश्न : न्हावा शेव्याला येणाऱ्या जहाजावर वाटेत आग लागली. माझा 20 लाखांचा कंटेनर सुरक्षित असूनही ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर झाल्याचे कळवून जहाजवाल्यांनी बाँड (वाटा भरण्याची लेखी हमी) व अनामत मागितली आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा भुर्दंड मला का?

उत्तर : कारण आपला कंटेनर वाचावा म्हणूनही कोणाचे तरी नुकसान मुद्दाम करण्यात आले. सर्वांवर आलेल्या संकटात जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला त्याग किंवा असाधारण खर्च सगळ्यांनी आपापल्या मूल्याच्या प्रमाणात सोसायचा, हा दर्यावर्दी व्यवहाराचा ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ नावाचा फार जुना नियम आहे आणि आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही तो आहे. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात रुतलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या बाबतीतही मालकांनी हेच जाहीर केले होते. आगीने जळालेला माल या वाटणीत येत नाही, कारण तो कोणी मुद्दाम जाळलेला नसतो. ती आग विझवताना पाण्याने भिजलेला माल मात्र येतो. जहाज 60 कोटींचे, माल 40 कोटींचा आणि त्याग 5 कोटींचा ठरला, तर प्रत्येकाचा वाटा 5 टक्के, म्हणजे आपला 1 लाख. ज्याचा माल भिजला तोही या वाटणीतून सुटत नाही, अन्यथा एकटाच तो बिनतोट्याचा राहिला असता.

आपण मालाचा सागरी विमा घेतला असेल तर विमा कंपनीला लगेच कळवावे. नेहमीच्या कलमांत हा वाटा भरून मिळतो आणि रोख अनामतीऐवजी कंपनीची हमी सहसा चालते. येथेही विमा पूर्ण मूल्याचा नसेल, तर वरच्या सूतव्यापाऱ्यांप्रमाणेच प्रमाणात कपात होईल. विमाच नसेल तर मात्र अनामत भरावी लागेल, कारण ती मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क जहाजवाल्यांना आहे.

प्रश्न : डोंबिवलीतील माझ्या सदनिकेची किंमत 90 लाख आहे, पण ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत 20 लाखच धरले आहेत. मलाही अशी कपात लागेल का?

उत्तर : नाही. या पॉलिसीत चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा हिशेब असतो. 90 लाखांत जमिनीची आणि जागेच्या मोक्याचीही किंमत आहे, आणि जमीन जळत नाही. त्यातूनही दर थोडा कमी धरला गेला असेल तर घरांच्या या पॉलिसीत अपुऱ्या विम्याची कपात माफ आहे. क्षेत्रफळ तेवढे करारनाम्याशी ताडून पाहावे.