वाचक विचारतात : आधी माइक घ्या, कॅमेऱ्याचं नंतर बघू

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ऑनलाइन शिकवण्याबद्दल आहेत. त्यातलं समुपदेशन शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र मला फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिचं उत्तर लांबलंय.

प्रश्न : मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. लेक्चर्स रेकॉर्ड करून पोर्टलवर टाकते. डिपार्टमेंटला थोडा फंड मिळालाय, सगळे म्हणतायत चांगला कॅमेरा घेऊ. मुलं मात्र म्हणतात मॅडम, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं, आवाज घुमतो. काय घेऊ?

मॅडम, माइक घ्या, कॅमेरा राहू दे. चित्र जरा धूसर असलं तरी बघणारा सांभाळून घेतो, पण आवाज घुमत असेल तर सगळी शक्ती शब्द पकडण्यातच जाते आणि अर्थ लावायला काही उरत नाही. शिवाय याचा फटका तुमच्या विषयालाही बसतो. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या दोघांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लोकांना संशोधकांची तीच भाषणं, तेच शब्द ऐकवले, फक्त काहींना आवाज स्वच्छ आणि काहींना खराब. खराब आवाज ऐकणाऱ्यांना तो संशोधक कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं!

घुमण्याचा प्रश्न तर विद्यापीठाच्या वर्गातूनच विज्ञानात आलाय. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग म्युझियमचा नवा लेक्चर हॉल बांधून झाला आणि तिथे कुणालाच काही नीट ऐकू येईना, कारण एक शब्द उच्चारला की तो साधारण साडेपाच सेकंद खोलीत रेंगाळायचा आणि तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण फिजिक्सच्या प्राध्यापकाकडे हे काम आलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या ठेवत जायचा आणि ऑर्गनच्या पाइपचा सूर बंद केल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते कानाने ऐकून मोजायचा. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो आणि मऊ, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी, हे त्यातून निघालं आणि त्याचं सूत्र आजही वापरतात.

म्हणजे रिकाम्या वर्गात रेकॉर्ड करू नका. पडदे, पुस्तकांची कपाटं, गादी, कपडे असलेली लहान खोली बघा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि अगदी समोर नको, थोडा बाजूला, नाहीतर प, फ, भ म्हणताना तोंडातली हवा त्यावर आपटून धप्प धप्प येतं. अंतर वाढवलं की तुमचा थेट आवाज झपाट्याने कमी होतो पण खोलीचा घुमणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो, लॅपटॉपचा माइक म्हणूनच कमी पडतो. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये ६९ लाख सेशन्स तपासून एक मोठा अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांनंतर मुलांचं लक्ष उतरताना दिसलं. पण म्हणून घड्याळ लावून तुकडे पाडू नका, मुद्दा संपेल तिथे थांबा आणि तिथेच एक प्रश्न विचारा.

प्रश्न : मी समुपदेशनात एमए करतेय. आमचं प्रॅक्टिकल आता निम्मं व्हिडिओ कॉलवर असतं. समोरची व्यक्ती गप्प झाली की मला कळतच नाही ती विचार करतेय, रडतेय की नेट गेलंय. सुपरवायझर म्हणतात शांतता धरून ठेवायला शिक. पण कशी?

तुझी अडचण खरी आहे आणि त्यातली निम्मी तुझी नाहीचये, ती यंत्राची आहे. दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ साली आला होता, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सेकंदाचा पाचवा भाग इतकाच निघाला, भाषेनुसार थोडाफार फरक पडला तरी. आता कॉलवर आवाज जायला १५० मिलिसेकंद आणि यायला तेवढेच लागले, जे चांगल्या लाइनचं लक्षण मानतात, तरी उत्तर तुझ्यापर्यंत यायला नेहमीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ लागतो. आणि आपलं मन तो उशीर लाइनच्या नाही तर माणसाच्या खात्यावर टाकतं, हा कचरतोय, ह्याला बोलायचं नाहीये वगैरे. समोरच्याला तुझ्याबद्दल तसंच वाटत असतं.

दुसरी गोष्ट फारसं कुणी शिकवत नाही. कॉलच्या अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन असतं, ते बोलणं ठेवतं आणि बाकीचं कचरा समजून काढून टाकतं. तुझ्यासाठी त्या कचऱ्यातच सगळं असतं गं! सुस्कारा, नाक ओढणं, आवंढा, हुंदक्याआधी अडकलेला श्वास. खोलीतली शांतता कधी रिकामी नसते, पंख्याचा, श्वासाचा, खुर्चीचा आवाज चालू असतो आणि त्यावरून कळतं की माणूस इथे आहे. अ‍ॅप ते सगळं पुसतं आणि तुझ्या कानात मेलेली शांतता येते, मग नेट गेलं असं वाटणारच. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद कर किंवा ओरिजिनल साउंड (आवाज न गाळता पाठवणारी सोय) चालू कर, आणि समोरच्यालाही करायला सांग, कारण त्याच्या बाजूचा आवाज बहुतेक वेळा त्याच्याच मशीनवर गाळला जातो.

दोघांनीही हेडफोन लावा. स्पीकरवर असाल तर एको कापण्याच्या नादात अ‍ॅप एका वेळी एकालाच बोलू देतं, आणि तू मायेने "हं" म्हणालीस की त्याच क्षणी त्याचा शब्द तुटतो. हेडफोन नसतील तेव्हा "हं" ऐवजी मान हलव.

आणि शांततेचा करार आधीच करून टाक. पहिल्याच सेशनला सांग, "मी गप्प असले तर ऐकतेय असं समजा, घाई नाही. कॉल तुटला तर मी फोन करेन." त्याच वेळी ते आत्ता कुठे बसलेत, खोलीत अजून कोण आहे आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा हे विचारून लिहून ठेव. हे राहून गेलं तर बाकी सगळं कौशल्य अडचणीच्या वेळी कामाला येत नाही. स्वतःचा चेहरा दाखवणारी खिडकी बंद कर, सतत स्वतःकडे बघत राहणं हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण आहे असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलंय.

फक्त आवाजावर काम होतं का ही शंका मनातून काढून टाक. चॅड वारा यांनी १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली, तिथे फोनवर ऐकणाऱ्याकडे आवाजाशिवाय काही नव्हतं.

प्रश्न : स्लाइडवर लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं ना?

नाही. डोळा पुढे पळतो, कान मागे राहतो आणि दोन्हीचा मेळ घालण्यात लक्ष खर्च होतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत, आकृती दाखवा आणि समजावून बोला, हे सगळ्यात चांगलं चालतं. कॅप्शन्सचा पर्याय मात्र हवाच, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आणि ती भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी.

प्रश्न : मी माध्यम विभागात पीएचडीला आहे. समुपदेशनाच्या सेशन्समधल्या आवाजावर काम करायचंय. गाइड म्हणतात ट्रान्स्क्रिप्ट (बोलणं शब्दशः लिहून काढलेली प्रत) पुरेशी आहे आणि नावं काढली की गोपनीयतेचा प्रश्न मिटतो.

दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सेशन्स तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली, तबकडी काही मिनिटांत भरायची आणि सारखी बदलावी लागायची, तरी त्यांनी ते केलं, कारण समुपदेशक आठवणीतून जे लिहितो ते आणि प्रत्यक्षात घडलेलं यात फरक पडतो. ट्रान्स्क्रिप्टमध्ये शब्द येतात, पण "ठीक आहे" हे कुठल्या सुरात म्हटलं ते येत नाही.

आणि आवाज हीच ओळख असते, नाव काढून ती जात नाही. म्हणून समुपदेशनाची संमती वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी आणि संशोधनाची वेगळी घ्या, नंतर कधीही मागे घेता येईल आणि त्यामुळे समुपदेशन थांबणार नाही असं स्पष्ट लिहा. ऑडिओ कुठल्याही फुकट ऑनलाइन ट्रान्स्क्रिप्शनला चढवू नका. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर बारीक ध्वनींचं विश्लेषण टाळा, जुन्या धाटणीची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पलीकडचं पाठवतच नाही, स आणि फ मधला बराचसा फरक त्याच्या वर असतो.

एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत तुमच्याच विद्यापीठातल्या समुपदेशन शिकणाऱ्या मुलांना विचारून त्यांच्या संमतीने रोल-प्ले रेकॉर्ड करा, पद्धत त्यावर घोटून घ्या. फाइल्स कोण ऐकणार, कुठे ठेवणार आणि कधी पुसणार हे अर्जाच्या पहिल्याच पानावर येऊ द्या, गाइडशी पुढची चर्चा त्यावरूनच सुरू करा.