पाय आधी थांबव, पोरी

पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी सेकंड शिफ्ट संपवून घरी येऊन नुकताच ताटावर बसलो होतो. "सर, मी गोलकीपिंग सोडून फॉरवर्डला जाऊ का", बस, एवढंच. ताट बाजूला सारलं आणि तुझ्या भावाने पाठवलेला हॉकी मॅचचा व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. चार गोल झाले, चारही वेळेस मी बॉलकडे बघितलंच नाही, तुझे पाय बघितले.

तिसरा गोल घे. ती बारीक पोरगी उजवीकडून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात शिरली, स्टिक उचलली, अजून बॉलला लागली पण नाही, आणि तुझ्या डाव्या पायाची टाच हवेत. मी तिथंच व्हिडिओ थांबवला. टाच जमिनीपासून चार बोटं वर, सगळं वजन उजव्या पायावर, गुडघा खाली निघालेला. आता त्या पोरीला करायला उरलंच काय, तिनं मोकळ्या बाजूला नुसता ढकलला, बॉल धड जोरातही नव्हता. तुला वाटून राहिलं की आपण स्लो आहोत म्हणून गोल होतात. तू लवकर निघतेस म्हणून होतात.

बॉल सुटतो त्या क्षणी तुझे दोन्ही पाय जमिनीवर आणि थांबलेले पाहिजेत. मग तू अर्ध्या वाटेत असशील, अँगल चुकलेला असेल, पोस्टपासून लांब असशील, तरी थांब. चुकीच्या जागी थांबलेला गोलकीपर हा बरोबर जागेकडे पळत सुटलेल्या गोलकीपरपेक्षा जास्त बॉल अडवतो, कारण थांबलेल्याला दोन्हीकडे जाता येतं आणि पळणाऱ्याला एकीकडेच. माझ्याकडून बाकी काही शिकली नाहीस तरी चालेल, पण पाय आधी थांबव.

आता हे गुडघ्यावर पडायचं कुठून आलं ते मला तुझ्या भावाने सांगितलं. मोबाईलवर आइस हॉकीच्या गोलींचे, म्हणजे गोलकीपरांचे व्हिडिओ बघतेस ना, ते दोन्ही गुडघे एकदम खाली टाकून पॅड दोन्ही बाजूला पसरवतात, बटरफ्लाय म्हणतात त्याला. बघ, मी नाही म्हणत नाही, मला स्वतःला ते गोली फार आवडतात, पण हिशोब तर कर. त्यांचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. आपला ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, म्हणजे बारा फूट बाय सात फूट, साडेतीन पट झाला. सहा फुटाच्या गोलात पाय पसरले की खालची जागा जवळपास बंदच होते, बारा फुटात तू गुडघ्यावर बसलीस की दोन्ही बाजूंना वाट मोकळी आणि वरती तर सगळं आभाळच मोकळं. शिवाय ते बर्फावर असतात, गुडघ्यावर बसूनसुद्धा एका पायाने ढकलून पोस्टपासून पोस्टपर्यंत घसरत जातात. आपल्याकडे मुरूम आहे. मुरुमावर गुडघा जिथं पडला तिथंच राहतो, आणि वरून सोलतो. त्यांना पक, म्हणजे त्यांची ती रबरी चकती, हातात पकडून, अंगाखाली दाबून खेळ थांबवता येतो, तू बॉल अंगाखाली दाबलास तर शिट्टी तुझ्याच विरुद्ध.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे तू अर्धंच बघितलंस. परत लाव ते व्हिडिओ आणि गोली खाली पडायच्या आधीचा अर्धा सेकंद बघ. सरकतो, थांबतो, मग पडतो. मधलं थांबणं तू गाळलंस. बर्फ असो की मुरूम असो की ब्लू टर्फ असो, पाय आधी.

तुझे स्कूलचे सर सांगतात पुढे पळत जाऊन अँगल कमी कर, ते बरोबर आहे, त्यांचं ऐक, फक्त पळत जाणं आणि पळत राहणं यात फरक आहे. अँगल डोक्यात बसत नसेल तर दोन सुतळ्या घे, एकेक पोस्टला बांध, दुसरी टोकं भावाच्या हातात दे आणि त्याला बॉलच्या जागी उभं कर. दोन सुतळ्यांच्या मधे जी जागा दिसेल ती तुला अडवायची आहे, बस. लाइनवर उभी राहा, बाजूला किती जागा उरते बघ, दोन पावलं पुढे ये, परत बघ. तो सरकला की तू सरक, छोट्या पावलांनी, पायावर पाय न टाकता, वजन पंजांवर, हात पुढे आणि आपल्याला दिसतील असे. मग त्याला सांग मधेच कधीही टाळी वाजव. टाळी वाजली की जिथं आहेस तिथं पाय बंद. पन्नास टाळ्या रोज. बॉल नको, स्टिक नको, नुसत्या टाळ्या. पंधरा दिवसांत कंटाळशील, विसाव्या दिवशी तुला कळेल मी काय बोलून राहिलोय.

आता माझं ऐक, हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

मी तेवीस वर्षांचा होतो. सेमीफायनल, एक-एक बरोबरी, शेवटची दोन-तीन मिनिटं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड एकटा आला, त्याने नुसता खांदा दाखवला आणि मी उजवीकडे झेप मारली. बॉल डावीकडून गेला, गेला म्हणजे काय, मुरुमावरून टुणटुण करत चालत गेला, मी जमिनीवर आडवा पडून त्याच्याकडे बघत होतो. नंतर तंबूत सगळे गप्प बसले होते आणि मी बोललो की फुलबॅकने, म्हणजे आमच्या मागच्या डिफेंडरने, पोस्ट सोडली. तो फुलबॅक माझ्यापेक्षा लहान, नवीन भरती झालेला, तो काहीच बोलला नाही. पुढच्या टूर्नामेंटला त्याचं नाव नव्हतं. त्याने पोस्ट सोडली नव्हती, मी पाय सोडले होते. त्याची बदली झाली, नंतर गाठ पडली नाही, आणि हे वाक्य मी त्याला कधी बोललो नाही ते आजपर्यंत घशात अडकलेलं आहे. तू परवा मॅच झाल्यावर रडत "माझ्यामुळे हरलो" बोललीस ना, तुझा भाऊ सांगत होता, ते ऐकून मला तुझा अभिमान वाटला. तुझ्यापेक्षा मोठा असून मला ते जमलं नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. पाय हलू द्यायचेच नाहीत. वर्षभर पहाटे एकटा ग्राउंडवर जाऊन भिंतीवर टेनिस बॉल मारायचो आणि बॉल परत यायच्या आधी थांबायचो. मग सिलेक्शन ट्रायल आली. एकूण वीस-बावीस शॉट मारले असतील, एक सोडून सगळे अडवले, तो एक वरच्या कोपऱ्यात गेला, मी उभा होतो, हात पोचला नाही. सिलेक्शन करणाऱ्यांपैकी एकजण बाहेरून ओरडत होता, "अरे डाइव्ह मार, डाइव्ह!" संध्याकाळी लिस्टमध्ये माझं नाव नाही, कारण काय तर सुस्त आहे. ज्याला घेतलं तो दिसायला भारी होता, प्रत्येक बॉलला उडायचा, कपडे धुळीने माखायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मी आजही सांगतो त्या दिवशी मी बरोबर होतो. त्या एका शॉटला मी उडालो असतो तरी तो गेलाच असता, पोस्टला घासून आत गेला होता तो. आणि बाकीचे सगळे मी उभा होतो म्हणून अडवले गेले. तीस वर्षं झाली, मी रोज रात्री झोपताना तो शॉट परत बघतो आणि रोज तेच उत्तर येतं. असो. हे तुझ्यासाठी एवढ्याचसाठी की तू थांबून खेळायला लागलीस की तुलाही सुस्त म्हणतील. म्हणू दे. कपडे स्वच्छ राहिले तर राहू दे.

शंकर लक्ष्मण हे नाव तू ऐकलेलं नसणार. भारताचे गोलकीपर, इंदूरजवळच्या महूचे. आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत गेलं की महू. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, तीन ऑलिम्पिक, तिन्ही वेळेस फायनल पाकिस्तानशी. दोन वेळा आपण एक-शून्य जिंकलो, रोमला शून्य-एक हरलो. म्हणजे तीन ऑलिम्पिक फायनल मिळून या माणसाने एकच गोल खाल्ला. एक. त्या एका गोलाने सुवर्ण गेलं, आणि चार वर्षांनी तोच माणूस त्याच टीमसमोर परत गोलात उभा राहिला. चार गोल खाऊन फॉरवर्डला जायचं विचारणाऱ्या माणसाने हे जरा शांतपणे वाचावं. आम्ही टीम घेऊन इंदूरला जायचो, दोन-तीनदा महूच्या बाजूने गाडी गेली, दर वेळेस मनात यायचं की उतरून त्यांना नमस्कार करून येऊ, दर वेळेस कुणीतरी बोलायचं येताना बघू. २००६ मध्ये ते गेले. पायाला गँगरीन झालं होतं, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. पायाला, पोरी. मी पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही.

शॉर्ट कॉर्नरचं, म्हणजे फाउल झाल्यावर समोरच्या टीमला गोललाइनवरून बॉल आत टाकून शॉट मारायला मिळतो त्याचं, वेगळं सांगतो, कारण पहिला गोल तिथं झाला. पहिलाच शॉट हिट असेल तर बॉल बॅकबोर्डच्या, म्हणजे गोलात मागे खाली असलेल्या फळीच्या उंचीच्या आत, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या आत, दीड फूट धर, गोललाइन पार करायला लागतो, नाहीतर तो गोल धरत नाहीत. फ्लिक मात्र कितीही वर जाऊ शकतो. म्हणून बॉलकडे बघायच्या आधी तिची स्टिक बघ. स्टिक मागे गेली की हिट, तिथं खाली आडवं पडायला माझी ना नाही. बॉल स्टिकला चिकटून ओढत आणला की फ्लिक, तिथं उभी राहा. तू दोन्हीला सारखीच पडतेस. ५ ऑगस्ट २०२१ ची जर्मनीविरुद्धची मॅच काढ, टोकियोची, ५-४, शेवटचे काही सेकंद आणि जर्मनीला शॉर्ट कॉर्नर, गोलात आपला श्रीजेश. सगळं जग त्याचा सेव्ह बघतं, तू फक्त त्याचे पाय बघ. आणि तो पॅरिसला दुसरं ब्राँझ घेऊन थांबला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. तू सोळाची आहेस आणि मला रात्री पावणेबाराला विचारतेस सोडू का.

एका गोष्टीवर मात्र मी चिडलोय. वॉर्मअपच्या व्हिडिओत तुझ्या डोक्यावर हेल्मेट नाही. गरम होतं, माहितीये, भुसावळचं ऊन मी पण खाल्लंय. पण ते आइस हॉकीवाले आवडतात ना तुला, तर जॅक प्लांट कोण ते बघ. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये तोंडावर पक बसला, टाके घालून आला आणि मास्क लावल्याशिवाय परत गोलात जाणार नाही म्हणून अडून बसला, कोचचा विरोध होता तरी. त्या काळी मास्क लावणाऱ्याला भित्रा समजायचे. आपल्याकडे आता सगळं मिळतं आणि तू काढून बाजूला ठेवतेस. परत बिना हेल्मेट दिसलीस तर मी शिकवणार नाही, मग कितीही रड.

फॉरवर्डला जायचं असेल तर जा, मी हात धरणार नाही. पण विभागीयला नाशिकला जायला अजून पाच आठवडे आहेत, तेवढे मला दे. तोपर्यंत गुडघ्यावर पडणं पूर्ण बंद, बॉल आडवा पायाने बाजूला काढ, समोर मारू नको, तुझा दुसरा गोल समोर मारलेल्या बॉलवरच झाला. किकरचा, म्हणजे बुटावरच्या पॅडचा, डावा पट्टा तुटलाय, तो गाठ मारून चालणार नाही, पाय आत फिरतो आणि मग बॉल भलतीकडे जातो, बाजारातल्या मोचीकडून जाड दोऱ्याने शिवून घे.

रविवारी सकाळी सहाला ग्राउंडवर ये, ऊन चढायच्या आत दोन तास मिळतील. भावाला आण, टाळ्या वाजवायला. सुतळी माझ्याकडे आहे, चुना तू आण. डीमध्ये आधी दोन बादल्या पाणी मारू, धूळ बसली की बॉल नीट दिसतो.