काळी पानं आणि कोरी लेबलं

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हर्बेरियमचे, म्हणजे दाबून-वाळवून संग्रहात जपायच्या रोपांचे नमुने करते आहे. रोपं वर्तमानपत्रात घालून वर विटा ठेवते. तरी पानं काळी पडतात, काहींची गळतात, फुलांना बुरशी येते. वजन वाढवू का?

वजन राहू द्या, कागद लवकर बदला. दाबानं पान फक्त सपाट राहतं. वाळतं ते कागद आणि हवेमुळे. पाणी निघायला वेळ लागला, की मरणाऱ्या पेशींतली एन्झाइम्स फिनॉल नावाच्या पानातल्याच रसायनांवर काम करत राहतात आणि पान काळं पडतं. बुरशीलाही तोच ओलावा हवा असतो.

सगळ्यात जास्त पाणी पहिल्या दिवशी निघतं, म्हणून पहिला कागद 12 ते 24 तासांत बदला. तेव्हा पान मऊ पडलेलं असतं, हवं तसं वळतं. एखादं पान उलटं करा, म्हणजे खालची लव आणि शिरा दिसतील. दुमडलेल्या पाकळ्या उलगडा. नंतर वाळलेलं पान वळवायला गेलात तर तुकडेच हातात येतील. पुढे चार-पाच दिवस रोज ताजा, कोरडा कागद. दर दोन-तीन नमुन्यांमागे एक पन्हळी पुठ्ठा घाला, मात्र सगळ्या पन्हळी एकाच दिशेला हव्यात. एक आडवा, एक उभा लावला तर हवा आरपार जात नाही. गरम हवेची सोय असेल तर 40 ते 45 अंश सेल्सिअस पुरे. घाईनं तापमान चढवलं की पानं ठिसूळ होतात.

वाळलं की नाही हे गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

गळणाऱ्या पानांची गोष्ट निराळी. मांसल रोपं दाबाखालीही कित्येक दिवस जिवंत राहतात आणि जिवंत फांदीच पान झटकते. अशी फांदी फुलं पाण्याबाहेर धरून काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा, टिपून घ्या, मग दाबा. जाड फळं आणि कंद उभे चिरून ठेवा.

वाळलेले नमुने संग्रहात जाण्याआधी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवतात, किडे मरावेत म्हणून. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पानांवर हवेतलं पाणी साचतं आणि सगळी मेहनत पुन्हा ओली.

प्रश्न: मोबाइलवर फोटो आणि जीपीएस दोन्ही मिळतात. मग वहीत काय लिहायचं?

वाळल्यावर जे जे नाहीसं होतं आणि फांदीवर जे जे मावत नाही, ते सगळं. ‘सुंदर पिवळी फुलं’ या नोंदीचा कुणाला उपयोग नाही. ‘झुडूप, अंदाजे दीड मीटर, ओढ्याकाठी, अर्ध्या सावलीत, चीक पांढरा, ताजी फुलं फिकट पिवळी, घशाशी जांभळा ठिपका, वास नाही’ अशी नोंद पन्नास वर्षांनीही बोलते. सोबत तारीख, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची. ‘वास नाही’ हेही लिहाच. नुसती जागा कोरी राहिली तर वास घेतलाच नव्हता की खरंच नव्हता, हे कळत नाही.

नमुन्यांचे क्रमांक 1 पासून सुरू करा आणि आयुष्यभर पुढे चालवा. दर सहलीला पुन्हा 1 केला, की तुमच्या नावावर दहा ‘नमुना 7’ जमतात. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीत पसरते.

प्रश्न: त्याच नमुन्याचा डीएनएही हवा आहे. दाबलेलं पान चालेल?

मिळाला तर तुकड्यांत मिळतो. दाबण्याआधीच कोवळं, स्वच्छ पान फाडून तुकडे सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) टाका. जेल पानाच्या वजनाच्या किमान दहापट. दुसऱ्या दिवशी पान कडकन मोडलं पाहिजे. वाकलं तर जेल बदला. पाकिटावर नमुन्याचाच क्रमांक. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याकडून फार अपेक्षा नको.

प्रश्न: बहुधा नवी प्रजाती सापडली आहे. गाईड म्हणतात प्रबंधात नाव देऊन टाक, पेपर नंतर.

असं करू नका. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रबंध सहसा रीतसर प्रकाशन ठरत नाही, परिषदेतलं पोस्टर तर नाहीच. नाव बाहेर फुटतं, पण वैध होत नाही. 1958पासून नव्या प्रजातीसाठी प्ररूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं असा नमुना, नेमावा लागतो आणि 1990पासून तो कोणत्या संग्रहात आहे हेही छापावं लागतं. वर्णन किंवा वेगळेपणाची लक्षणं लॅटिन वा इंग्रजीत चालतात, ही सवलत 2012ची. प्रबंधात तूर्त ‘प्रजाती अ’ लिहा.

आणि फक्त फुलं पाहून घोषणा नको. फळांचा हंगाम बाकी असेल तर थांबा. अनेक कुळांत प्रजातींमधला फरक फळात आणि बीजातच असतो. गाईडना हा एक हंगाम वेळापत्रकात आधीच दाखवा, शेवटच्या सहामाहीत मागितलात तर मिळणार नाही.