भुयारी मार्गासाठी एकल बासरी रचताना

न्यूयॉर्कच्या मेट्रो स्टेशनांत वाजवणाऱ्या कलाकारांवरून तुला एकल बासरीच्या रचना सुचतायत, हे ऐकून फार आनंद झाला. सुरुवात मात्र सुरावटीपासून करू नकोस, जागेपासून कर. टाइल्स आणि काँक्रीटच्या बोगद्यात स्वर लगेच विरत नाही. पुढचा स्वर त्याच्यावरच येऊन पडतो. म्हणून जलद ताना तिथे गढूळ होतात, आणि षड्ज (सा) रेंगाळत असताना त्याला अगदी लागून असलेला कोमल रिषभ (रे) लावला की कानाला टोचतो. भूप राग घे. सा रे ग प ध, शेजारच्या दोन स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही, त्यामुळे मागचा स्वर पुढच्याशी भांडत नाही. सा लावून सोड, लगेच पंचम (प) लाव: एकट्या बासरीतून दोन स्वर ऐकू येतील. मला तरी त्या जागेचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

तुझ्या सांगलीत हे करून बघायला उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, आयर्विन पुलाच्या कमानींखाली पहाटे जा. पावसाळ्यात अजिबात नको. कृष्णा कशी चढते ते तुला माहीतच आहे. पहाटेच्या गारव्यात बासरी थोडी उतरते, आधी फुंकून गरम कर.

लांब आलापी मैफलीसाठी ठेव. भुयारात माणूस चालता चालता ऐकतो आणि पुढे जातो, म्हणून प्रत्येक तुकडा अर्ध्या मिनिटात पुरा व्हावा. गाडीची घरघर खर्जाला, म्हणजे खालच्या स्वरांना गिळते, म्हणून फार लांब, खालच्या सुराची बासरी नको. गाडी आली की विसावा, आणि तो विसावाही रचनेतच धर.