फ्लॅशचं मीटर रीडिंग आणि फोटो जुळत नाहीत

प्रश्न : हातातल्या मीटरने फ्लॅश मोजतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर असतो, म्हणजे कॅमेरा लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद स्वतःच ठरवतो. दर वेळी आकडा वेगळा येतो. शिवाय मीटरवर ‘८’च्या शेजारी बारीक ‘५’ दिसतो, तो काय?

उत्तर : आधी टीटीएल बंद करा. त्यात मुख्य झोताच्या क्षणभर आधी एक लहान झोत जातो आणि मीटर त्यालाच पकडतं. फ्लॅश मॅन्युअलवर, समजा १/८ ताकदीवर ठेवा. मीटर बिनवायर फ्लॅश मोडवर, आयएसओ १००, शटर १/१२५. मीटर चेहऱ्याजवळ धरून पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे वळवा, बटण दाबा आणि मग फ्लॅश उडवा. दोन फ्लॅशचं प्रमाण काढायचं असेल तर घुमट आत ढकलून एकेक दिवा स्वतंत्र मोजा, दुसरा बंद ठेवून.

तो बारीक ‘५’ स्टॉपच्या दहाव्या भागांत मोजलेला असतो; स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी. ८ आणि ५ म्हणजे एफ/८च्या (लेन्सच्या छिद्राचा आकडा) पुढे अर्धा स्टॉप, साधारण एफ/९.५. एफ/८.५ नव्हे! इथे भलेभले फसतात.

मीटर नसेल तर गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, फ्लॅशपासून चेहऱ्यापर्यंतच्या अंतराने (लांबीच्या मीटरमध्ये) भागा : ३६ भागिले ३ म्हणजे १२, त्याच्या जवळचा एफ/११ लावा. ताकद पाव केली की नंबर निम्मा. मात्र खोक्यावरचा नंबर बहुधा फ्लॅशचा झूम पूर्ण ताणून मोजलेला असतो. फ्लॅशला प्रकाश मऊ करणारी छत्री लावली की तो विसरा.