नाशिकमध्ये हौशी नाटकाचं दिग्दर्शन करायचंय, ओळख कुणाशीच नाही. सुरुवात कुठून करू?

अनोळखी माणसाच्या हातात कुणी थेट नाटक देत नाही, हे धरूनच चाला. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावरही होते. त्यात उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत तालमी सुरू व्हायच्या आधीच जा आणि बॅकस्टेजचं काम मागा. प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट अडला की आडून वाक्य सुचवायचं काम, मिळालं तर सोनंच! संहिता आपोआप पाठ होते, शिवाय दिग्दर्शक नटाला कुठे अडवतो, कुठे मोकळं सोडतो ते रोज दिसतं. कार्यशाळांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

मग दोन-तीन पात्रांची, एकाच नेपथ्यातली एकांकिका घ्या. लेखकाची लेखी परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्हींच्या मागे लवकर लागा. पहिलाच प्रयोग कालिदास कलामंदिरात नको. भाडं आणि रिकाम्या खुर्च्या, दोन्ही झेपत नाहीत. त्यापेक्षा सोसायटीचा गणेशोत्सव बरा.