ओरखडा की चिकटलेलं ॲल्युमिनियम?

प्रश्न: पावसाळ्याआधी सोसायटीतल्या फांद्या छाटताना चेन सॉ चालता चालता बंद पडली. आता दोरी हलकी जाते, मशीन चालूच होत नाही. सायलेन्सर काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. एक मेकॅनिक म्हणतो सिलिंडर बदला, दुसरा म्हणतो बोअर करून (आतून कातून) घ्या. काय करावं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: बोअर मुळीच करू नका. बिडाच्या सिलिंडरला ते चालतं. तुमचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे. आत क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कडक, अगदी पातळ मुलामा असतो आणि बोअरमध्ये नेमका तोच निघून जातो.

सिलिंडर उतरवून सायलेन्सरच्या बाजूची भिंत उजेडात धरा. तिथले राखाडी उभे पट्टे बहुतेक वेळा पिस्टनचंच चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं, त्याखाली मुलामा शाबूत असू शकतो. टाइल्स धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीवर घेऊन फक्त पट्ट्यांवर लावा. फेस येतो, काळा गाळ सुटतो. मिनिटभराने पुसून पुन्हा लावा. चिकटलेलं संपलं की फेस थांबतो. एकाच जागी तो थांबायलाच तयार नसेल, तर मुलामा गेलाय आणि ॲसिड सिलिंडरच खातंय. लगेच धुऊन टाका. पोर्टच्या (भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडांना थेंबही लागू देऊ नका, तिथे ॲल्युमिनियम उघडं असतं. हातमोजे, चष्मा घालून मोकळ्या हवेत काम करा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा.

मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून नख आडवं ओढा. नख अडकलं किंवा पोर्टजवळ मुलाम्याचा टवका उडालेला दिसला, तर नवा सिलिंडर घ्या. बारीक रेषा दिसतात पण नखाला लागत नाहीत, तर तोच वापरा. पिस्टन, रिंग, पिनचे सर्क्लिप आणि गॅस्केट मात्र नवेच हवेत. क्रँक (पिस्टनच्या दांड्याने फिरणारा शाफ्ट) न फिरवताही कनेक्टिंग रॉड, म्हणजे तो दांडा, वर-खाली हलत असेल, तर सिलिंडरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

जोडण्याआधी कारण शोधाच, नाहीतर नवा पिस्टनही तसाच जाईल. चहूबाजूंनी ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतं किंवा फारच कमी होतं, असा संशय घ्या. १:५० प्रमाण म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नका, मापानेच घाला. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलंय: क्रँकचं ऑइल सील किंवा कार्बोरेटरमागचं रबर हवा ओढतंय का, पेट्रोलची नळी चिरलीय का, टाकीतला फिल्टर तुंबलाय का, ते बघा. सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पात्यांमध्ये (फिन्समध्ये) चेन ऑइलने भिजलेला भुसा घट्ट बसतो, तो लाकडी काडीने खरवडून काढा.